गर्दी एवढी आहे तर लोकल का वाढवत नाहीत? डोंबिवलीकरणीचं सोप्या भाषेतलं उत्तर

नागपूरकडचे, कोल्हापूरकडचे नातेवाईक आले की एक प्रश्न हमखास येतो, एवढी माणसं दाराला लटकतायत तर रेल्वे गाड्या का वाढवत नाही, पैसे नाहीत की इच्छा नाही? प्रश्न अगदी रास्त आहे आणि गंमत म्हणजे डोंबिवली, कल्याण, बदलापूरला अख्खा जन्म काढलेल्यांनाही याचं उत्तर नीट देता येत नाही, कारण रोज सकाळी विचार करायला वेळच नसतो, गाडी पकडायची असते. म्हणून म्हटलं जरा बसून व्यवस्थित लिहूया.

एका वाक्यात सांगायचं तर अडचण डब्यांची नाहीये, रुळावरच्या वेळेची आहे. डबे कारखान्यात बनतात, पैसे टाकले की मिळतात. पण सकाळी आठ ते दहाच्या मध्ये कल्याणहून सीएसएमटीकडे, म्हणजे दक्षिण मुंबईतल्या शेवटच्या स्टेशनकडे, अजून एक गाडी सोडायची म्हटलं तर रुळावर तिला जागाच नाही. हे एकदा लक्षात आलं ना की मग एसी लोकलवरून होणारी आंदोलनं, दिवा स्टेशनचं रेल्वे फाटक, पंधरा डब्यांची मागणी, दुरुस्तीसाठीचा रविवारचा मेगाब्लॉक, सगळ्याचा एकमेकांशी संबंध दिसायला लागतो.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. मुंबई उभी आहे, दक्षिणेकडे निमुळती होत गेलेली, आणि जुनी ऑफिसं सगळी त्या खालच्या टोकाला, फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, नरिमन पॉईंट. माणूस राहायला मात्र वर वर सरकत गेला. गिरगाव, लालबाग, परळच्या एका खोलीत तीन भाऊ मावेनात तेव्हा एकाने डोंबिवलीला ब्लॉक घेतला, त्याच्या मुलाला डोंबिवली परवडेना तो बदलापूरला गेला, आता वांगणी नेरळपर्यंत टॉवर उभे राहतायत. डोंबिवली सीएसएमटीपासून साधारण ४८ किलोमीटर, बदलापूर ६८, कर्जत १०० आणि कसारा तर १२० च्या वर. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली, म्हणजे रेल्वे इथे आताच्या शहराच्या आधी आलीय. घरं नंतर स्टेशनच्या भोवती झाली. त्यामुळे इथे रस्ता हा पर्याय म्हणून कोणी धरतच नाही. शिळफाट्याला एकदा अडकून बघा, का ते कळेल.

आता गणित. कल्याणपासून सीएसएमटीपर्यंत लोकलसाठी मुख्य चार रूळ आहेत, दोन स्लोचे म्हणजे प्रत्येक स्टेशनला थांबणाऱ्या गाड्यांचे आणि दोन फास्टचे, त्यातला एकेक जायचा, एकेक यायचा. म्हणजे सकाळी मुंबईच्या दिशेने कामाचे रूळ दोनच. एका रुळावर दोन गाड्यांमध्ये साधारण तीन मिनिटांचं अंतर ठेवावं लागतं, कधी चार. तीन मिनिटांनी एक म्हणजे तासाला वीस गाड्या, दोन रुळांवर मिळून चाळीस. बास, हा कळस आहे. तोही सगळं वेळेवर चाललं तर, आणि सगळं वेळेवर चालत नाही. बारा डब्यांच्या गाडीत बसायच्या जागा बाराशेच्या आसपास, आणि गर्दीच्या वेळी आत असतात चार-पाच हजार माणसं. रेल्वेच्या कागदपत्रांत अशा गर्दीसाठी वेगळं नावच आहे, सुपर डेन्स क्रश लोड, म्हणजे उभं राहायच्या एका चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसं. घरातल्या फरशीवर एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन खडूने आखा आणि त्यात सोळा माणसं उभी करता येतात का बघा, दप्तरांसकट.

तीनच मिनिटं का, दोन मिनिटांनी का नाही सोडत? तर लोकलला ब्रेक लावला की ती जागेवर थांबत नाही, लांब जाऊन थांबते. म्हणून रुळाचे तुकडे पाडलेत आणि प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी सिग्नल. पुढच्या तुकड्यात गाडी असेल तर लाल, त्याच्या मागचा पिवळा, त्याच्या मागचा डबल पिवळा, आणि मग हिरवा. मोटरमनला हिरवा दिसला तर तो बिनधास्त शंभरच्या वेगाने आणू शकतो, डबल पिवळा दिसला की सावध, पिवळ्याला वेग कमीच करायचा. म्हणजे मागची गाडी पुढचीच्या फार जवळ आणली तर तिला सतत पिवळेच दिसत राहणार आणि ती रेंगाळत येणार, मिळालेलं मिनिट तिथेच गेलं. हे तुकड्यांचं बंधन काढून पुढची गाडी नेमकी कुठे आहे ते मागच्या गाडीला कॉम्प्युटरने सतत कळवत राहायचं अशी एक सिस्टीम असते, मेट्रोत तीच वापरतात. मुंबई लोकलसाठी ती आणायची योजना केंद्राने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या मोठ्या प्रकल्पात आहे. ती आली तर अंतर दोन-अडीच मिनिटांवर येऊ शकेल. पण सिग्नलने सगळं सुटेल असं समजू नका, कारण खरी वेळ रुळावर जेवढी जाते तेवढीच स्टेशनात जाते.

म्हणजे बघा, टाईमटेबलमध्ये गाडी स्टेशनात वीस-तीस सेकंद थांबते असं धरलेलं असतं. डोंबिवलीला पाच नंबरवर सकाळची फास्ट आली की एकेका दारापुढे पन्नास-साठ जण असतात. तेवढ्या वेळात आत शिरायचं, आणि दार आधीच बदलापूर-अंबरनाथच्या लोकांनी भरलेलं. दारातला एक माणूस चढू शकत नाही, त्याचा एक पाय फूटबोर्डवर एक प्लॅटफॉर्मवर, गार्ड बघतोय, तो बेल देऊ शकत नाही. वीसचे चाळीस सेकंद झाले. मागची गाडी ठाकुर्लीजवळ उभी राहिली, तिच्या मागची अजून मागे, आणि मग ज्या स्टेशनवर गाडी उशिरा पोचते तिथे तेवढ्या वेळात अजून गर्दी जमलेली असते, म्हणून तिथे अजून जास्त वेळ लागतो. उशीर उशिराला जन्म घालतो. तुम्ही म्हणता आज काहीच झालं नाही, पाऊस नाही, काही तुटलं नाही, तरी वीस मिनिटं लेट कशी. ही अशी.

आता कल्याण. मला वाटतं आपल्या अर्ध्या दुःखाचं मूळ कल्याण यार्डात आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. कल्याणला लाईन फुटते, एक नाशिककडे जाणारी कसाऱ्याची, दुसरी पुण्याकडे जाणारी कर्जतची. इंडिकेटरवर कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस लागतं ते त्याचसाठी, एक उत्तरेकडे दुसरी दक्षिणेकडे. कल्याणच्या अलीकडे मुंबईच्या बाजूला कुर्ल्यापर्यंत सहा रूळ आहेत, चार लोकलचे आणि दोन मेल-एक्स्प्रेस मालगाड्यांचे. पण कल्याणच्या पलीकडे? दोन्हीकडे वर्षानुवर्षं दोनच रूळ, एक जायचा एक यायचा. म्हणजे बदलापूरची लोकल, पुण्याहून येणारी एक्स्प्रेस, दक्षिणेकडून येणारी लांब पल्ल्याची गाडी आणि मालगाडी सगळ्या एकाच रुळावरून येणार. सकाळच्या वेळी एखादी एक्स्प्रेस लेट झाली आणि लोकलच्या वेळेत घुसली की अंबरनाथला उभ्या असलेल्या बाईला कळत नाही की आपली ८ ची गाडी गेली कुठे. शिवाय या सगळ्या गाड्या कल्याणला एकत्र येतात तेव्हा एकीला दुसरीचा मार्ग कापून आपल्या रुळावर जावं लागतं, आणि एक कापत असताना बाकीच्या उभ्या. म्हणून कल्याण यार्डाची नवी रचना करून लोकल आणि लांबच्या गाड्या वेगळ्या काढायचं काम, कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी लाईन आणि कसाऱ्याकडची तिसरी लाईन, ही कामं नव्या गाड्यांपेक्षाही महत्त्वाची आहेत. फोटोत छान दिसत नाहीत म्हणून त्यांची बातमी मोठी होत नाही, पण बदलापूरला गाड्या वाढायच्या असतील तर रस्ता त्याच कामातून जातो.

दुसरं टोक सीएसएमटी. तिथे प्लॅटफॉर्म अठरा आहेत पण लोकलचे सात, त्यातले एक आणि दोन नंबरचे नवी मुंबईकडे जाणाऱ्या हार्बर लाईनला, म्हणजे आपल्या कल्याणच्या मेन लाईनच्या वाट्याला पाच. गाडी आली, माणसं उतरली, तोपर्यंत परतीची माणसं घुसली, मोटरमन एका टोकाचा दुसऱ्या टोकाला, गाडी निघाली की मगच दुसरी आत. लग्नातल्या पंगतीसारखं आहे ते, पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरीची पानं मांडता येत नाहीत, मागे कितीही माणसं भुकेली उभी असोत. म्हणूनच २०१९ मध्ये परळवरून लोकल सुटायला लागल्या आणि दादरहून सुटणाऱ्या गाड्याही आहेत, सगळ्यांना सीएसएमटीपर्यंत नेलं नाही तर तिथला ताण थोडा हलका होतो. परळ-लोअर परळला ऑफिसं आल्यापासून त्याचा उपयोगही झालाय. पण कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंत पाचवी-सहावी लाईन अजून नाही, आणि तिथे रुळाला लागून इतक्या इमारती, पूल, वस्त्या आहेत की जागा मिळवणं हे काम बांधकामापेक्षा अवघड.

मध्ये ठाणे ते दिवा पाचवी-सहावी लाईन झाली, फेब्रुवारी २०२२ मध्ये उद्घाटन झालं, आणि तेव्हा एक बदल झाला जो रोजच्या प्रवाशाला जाणवला. पूर्वी फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. सव्वा किलोमीटरहून लांब, १९१६ चा बोगदा तो, पावसाळ्यात आत गार वारा यायचा. आता बोगद्यातून मुख्यतः मेल-एक्स्प्रेस जातात आणि फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूने. तिथे मुंब्र्याजवळ वळण आहे. ९ जून २०२५ ला त्याच भागात समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यातले काही जिवानिशी गेले. सकाळी कामाला निघालेली माणसं होती ती. मुंबईच्या लोकलमार्गांवर वर्षाला दोन हजारांपेक्षा जास्त माणसं मरतात, रूळ ओलांडताना सगळ्यात जास्त आणि त्याच्या खालोखाल गाडीतून पडून, आणि बहुतेकांची बातमी कुठल्यातरी आतल्या पानावर चार ओळींची.

त्या अपघातानंतर बिगर एसी लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचं ठरलं, हवा यावी म्हणून दरवाजांना झडपा आणि छतावर पंखे अशी नवी गाडी बनवायची घोषणा झाली. दरवाजे हवेतच, यावर माझं दुमत नाही. पण आत्तापर्यंतचं गणित लक्षात असेल तर तुम्हालाच पुढचा प्रश्न पडेल, की आज दाराबाहेर जी माणसं लटकतायत ती दार बंद झाल्यावर कुठे जाणार? प्लॅटफॉर्मवरच राहणार. आणि दार बंद होईपर्यंत गाडी हलणार नाही म्हणजे ते वीस सेकंद अजून लांबणार. म्हणजे दरवाजांच्या सोबत माणसं वाहून न्यायची ताकद वाढली पाहिजे.

ती कशी वाढवायची? गाड्या वाढत नाहीत तर गाडी लांब करा. बाराची पंधरा डब्यांची केली की थेट पंचवीस टक्के जास्त माणसं, त्याच तीन मिनिटांत, नवा रूळ न टाकता. माझ्या मते सगळ्यात पटकन फरक पडेल असा उपाय हाच आहे. पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांच्या गाड्या २००९ पासून आहेत आणि त्यांनी त्या हळूहळू वाढवत नेल्या. मध्य रेल्वेवर, म्हणजे आपल्या लाईनवर, २०१२ मध्ये सुरू झाल्या पण मोजक्याच राहिल्या. कारण प्लॅटफॉर्म लांब करायचे, तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला कुठे पूल, कुठे सिग्नल, कुठे रुळांचा सांधा, कुठे नाला. शिवाय रात्री गाडी उभी करायला तेवढी लांब जागा लागते. आता बऱ्याच स्टेशनांवर प्लॅटफॉर्म लांबवायचं काम घेतलंय. ते चालू असताना तुमच्या नेहमीच्या जागेवर पत्रे लावलेले दिसले आणि चिडचिड झाली तर, माझीही होते, पण हे काम व्हायला पाहिजे.

एसी लोकलवरून जे रण पेटलं ते पण याच गणितातलं आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने दहा नव्या एसी फेऱ्या सुरू केल्या आणि कळवा, बदलापूरला लोक रुळावर उतरले, शेवटी त्या फेऱ्या काढून घ्याव्या लागल्या. बाहेरच्या माणसाला वाटेल काय विचित्र लोक आहेत, एसी नको म्हणतात. पण रुळावर जागा नसताना एसी गाडी कुठून आली? साध्या गाडीच्या जागेवर आली. म्हणजे ज्याच्याकडे साधा पास आहे त्याची रोजची गाडी गेली, आणि आता त्याने काय करायचं तर कितीतरी पट महागाचा पास काढायचा किंवा पुढच्या गाडीत घुसायचं जी आधीच भरलेली आहे. एसी लोकल चांगलीच आहे, दार बंद असतं, माणूस पडत नाही, मे मधल्या उकाड्यात तर जीव वाचतो, त्याच वर्षी मे महिन्यात तिच्या एकेरी तिकिटाचे दरही निम्म्यावर आणले. पण एखाद्याची गाडी काढून दुसऱ्याला दिली तर भांडण होणारच, ते एसीशी नव्हतं.

दिव्याचं फाटक पण सांगायलाच हवं. दिव्याला स्टेशनच्या टोकाला रस्ता रूळ ओलांडतो आणि तिथे फाटक आहे. फाटक उघडलं की गाड्या उभ्या. नियमच तसा आहे, फाटक पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही, आणि एखादा टेम्पो मध्ये अडकला, चार बाईकवाले घुसले की फाटक बंद होत नाही. तीन-चार मिनिटं गेली म्हणजे वर सांगितलं तसं एका गाडीची अख्खी जागा गेली, दोन्ही दिशांना. पण दिव्यातल्या लोकांना दोष देऊ नका, पूर्व-पश्चिम जायला त्यांना धड पूल नाही, त्याचं काम वर्षानुवर्षं चाललंय. शिवाय गाडीच्या बाबतीत सगळ्यात जास्त अन्याय दिव्यावरच होतो. जानेवारी २०१५ मध्ये तिथे मोठा उद्रेक झाला, त्यानंतर २०१६ च्या अखेरीला फास्ट गाड्या थांबायला लागल्या, पण थांबून काय उपयोग जर दारच उघडं मिळत नसेल. कल्याण-डोंबिवलीहून भरून आलेल्या गाडीच्या दारात लोक भिंत करून उभे असतात, आतल्यांनाही कळतं की हे चुकीचं आहे, पण दारातून बाजूला झालो तर परत दार मिळणार नाही आणि ठाण्याला उतरता येणार नाही ही भीती. तरीही सांगते, दिव्याला, मुंब्र्याला दार सोडायला पाहिजे. तिथे उभी असलेली बाईपण आपल्यासारखी ऑफिसात वेळेवर हजेरी पंच करायलाच निघालेली आहे.

गाड्या वाढत नाहीत म्हटल्यावर माणसांनी आपापले मार्ग काढलेत. डोंबिवलीची बरीच माणसं सकाळी उलट कल्याणला जातात, तिथे गाडीत बसून त्याच गाडीने परत डोंबिवलीवरून पुढे. वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातात पण बसायला मिळतं, ज्यांची कंबर गेलीय, ज्या बायका पोटुशी आहेत त्यांना दुसरा इलाज नाही. त्यासाठी पास कल्याणपासूनचा काढायला लागतो हे नव्या माणसाने लक्षात ठेवावं, नाहीतर कल्याणला टीसी पकडतो. संध्याकाळी हेच उलटं, मस्जिद, भायखळ्याची माणसं आधी सीएसएमटीला जातात.

आणि लेडीज डब्यातली सीटची पद्धत, ती ज्याने पाहिली नाही त्याला खरी वाटणार नाही. आत शिरल्या शिरल्या उभी असलेली बाई बसलेलीला विचारते, कुठे? म्हणजे कुठे उतरणार. ती सांगते घाटकोपर. तुमची कोणी घेतलीय का? हो, त्या निळ्या ड्रेसवालीने, पण खिडकीतल्यांना विचारा, त्या कुर्ला. मग ती खिडकीतलीला विचारते, आणि ती मान हलवते, म्हणजे सौदा झाला. आता कुर्ल्याला ती सीट हिची, मध्ये दुसरी कोणी येऊन बसू शकत नाही, बसायला गेली तर आजूबाजूच्या चौघी बोलतील, सांगितलंय त्यांनी. लिहिलेलं कुठेच नाही. तिघींच्या बाकावर चौथी बसते, तिचा अर्धाच भाग टेकलेला असतो, पण कुर्ल्यापासून दादरपर्यंत तेवढं टेकणंसुद्धा पायाला पुरतं. संध्याकाळी जागा मिळाली की पिशवीतून मेथी निघते, मटार निघतात, आणि ठाणं येईपर्यंत भाजी निवडून होते, कारण घरी पोचायला साडेआठ आणि कुकर लावायचा असतो. प्रवास म्हणजे वाया गेलेला वेळ असं आकडेवाल्यांना वाटतं, पण डोंबिवलीच्या बाईने तो वेळ वाया जाऊ दिलेला नाही. मात्र तिला हे करावं लागतं याचं कौतुक करून थांबू नये एवढंच माझं म्हणणं.

गाडीइतकाच वेळ खातात ती दोन टोकं, घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस. डोंबिवलीत घारडा सर्कलच्या पलीकडे नाहीतर लोढा पलावाच्या बाजूला राहणारा माणूस आधी शेअर रिक्षाच्या लायनीत उभा राहतो, पाऊस असला की ती लाईन हलतच नाही. बाईक असेल तर स्टेशनजवळच्या पे अँड पार्कला जागा मिळायला पाहिजे. तिकडे घाटकोपरला उतरून मेट्रो वन पकडणाऱ्यांची रांग, २०१४ मध्ये ती मेट्रो सुरू झाली तेव्हापासून अंधेरीला जायला दादरचा वळसा वाचला हे खरं, पण तिच्यामुळे घाटकोपरचे जिने संध्याकाळी इतके भरतात की खाली उतरायलाच दहा मिनिटं. म्हणून कोणी तुम्हाला म्हणालं की डोंबिवली-सीएसएमटी फास्टने सव्वा तास, तर तो फक्त गाडीतला वेळ आहे. दारापासून दारापर्यंत दोन तास धरा.

मेगाब्लॉकला पण लोक खूप बोलतात, एकच रविवार आणि तोही यांना हवा. पण शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर, पहिली पहाटेच्या अंधारात, मध्ये रूळ, वायर, सांधे तपासायला जेमतेम दोन-तीन तास मिळतात. एवढ्या वापरलेल्या रुळाला तेवढं पुरत नाही. रविवारी ब्लॉक घेतला नाही तर तो बिघाड सोमवारी सकाळी नऊला स्वतःच ब्लॉक घेतो.

मग गर्दी दुसऱ्या कुठल्या बाजूने कमी करता येईल? एक म्हणजे वेळ. सगळे साडेनऊ-दहालाच का पोचले पाहिजेत? मध्य रेल्वेने २०२३ मध्ये आपल्या मुंबईतल्या ऑफिसातल्या लोकांना दोन वेळा दिल्या, एक नेहमीची आणि एक साडेअकराची, आणि बाकीच्या सरकारी-खाजगी ऑफिसांनाही तसं करायला सांगितलं. प्रतिसाद फार मिळाला नाही. कोविडच्या काळात कळलं की कितीतरी कामं घरून होतात, पण बऱ्याच कंपन्यांनी ते परत घेतलं. माझं स्पष्ट मत आहे की ज्याचं काम लॅपटॉपवर आहे त्याला आठवड्यातून दोन दिवस घरी राहू दिलं तर ती जागा ज्याला जावंच लागतं त्याला मिळेल, वॉर्डबॉयला, दुकानातल्या मुलीला, वॉचमनला. त्यांना वर्क फ्रॉम होम कधीच नव्हतं.

दुसरं म्हणजे दिशा. सगळी ऑफिसं आता दक्षिणेला नाहीत, वांद्र्याचं बीकेसी आहे, पवई आहे, ऐरोली-घणसोली-महापेला आयटी आहे. डोंबिवलीहून ऐरोली नकाशावर समोर दिसते, पण गाडीने जायचं तर आधी ठाण्याला जा, पूल चढा, नवी मुंबईकडच्या ट्रान्सहार्बर लाईनच्या प्लॅटफॉर्मवर जा, तिथून परत मागे. २००४ मध्ये ठाणे-वाशी लाईन सुरू झाल्यापासून ठाणे स्टेशनात ही माणसं रोज एका बाजूने दुसऱ्या बाजूला वाहतायत. त्यावर उपाय म्हणून कळव्याहून थेट ऐरोलीला जोडणारा उन्नत मार्ग ठरला, म्हणजे कल्याणची गाडी ठाण्याला न जाता सरळ नवी मुंबईत. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं. कळव्याकडचा तुकडा मात्र अडलाय, कारण त्या जागेवर घरं आहेत, आणि तिथल्या कुटुंबांना पर्यायी घरं दिल्याशिवाय काम पुढे जाऊ शकत नाही. ती घरं जवळपास दिली पाहिजेत, लांब कुठेतरी नाही. त्यातली बरीच माणसं ठाणे-कळव्यातच कामाला जातात, त्यांना कल्याणच्या पलीकडे नेऊन ठेवलं तर सकाळच्या त्याच गाडीला अजून तेवढी माणसं वाढतील.